घरात नसलेलं मूल

इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या वतीनं जुन्या घरांची तपासणी करणाऱ्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: पण इथं मूल आहेच कुठे? फ्लॅटमधला भाडेकरू एकटा असतो, पन्नाशीचा असतो, दिवसभर कामावर असतो. आणि अहवालात मात्र लिहिलेलं असतं की पुढच्या खोलीतली खिडकी पाच वर्षांखालच्या मुलाच्या दृष्टीनं धोक्याची आहे. घरमालकाला हा निव्वळ कागदी कारभार वाटतो. पण कायदा मुद्दाम तसाच केलेला आहे. २००४ च्या हाउसिंग अ‍ॅक्टनं आणलेली आणि एप्रिल २००६ पासून अमलात असलेली पद्धत घरातले २९ प्रकारचे धोके जोखते. त्यांतले चार पडण्याचे: न्हाणीघरात पडणं, सपाट जमिनीवर पडणं, जिन्यावर पडणं आणि एका पातळीवरून खालच्या पातळीवर कोसळणं. पहिल्या तिन्हींमध्ये साठीपुढची माणसं सर्वांत असुरक्षित धरली जातात, चौथ्यात पाच वर्षांखालची मुलं. खिडकी, गॅलरी, पाय ठेवता येईल असं छप्पर, लँडिंगची उघडी कड हे सगळं या चौथ्यात मोडतं. धोक्याचा आकडा काढायचा तो त्या गटासाठी, आज तिथं कोण राहतं हे बाजूला ठेवून. या कामात जितका वेळ गेला तितकी माझी एक खात्री पक्की होत गेली: या पद्धतीत टीका करण्यासारखं बरंच काही आहे, पण हा नियम तिचा सर्वांत शहाणा भाग आहे. आणि एका कुटुंबाचं घर वाटून केलेल्या फ्लॅटांत त्याची जितकी गरज पडते तितकी दुसरीकडे क्वचितच पडत असेल.

कारण साधं आहे. भाडेकरू थोड्या काळाचा असतो, घर दीडशे वर्षांचं. आज एकटा माणूस, पुढच्या वर्षी जोडपं, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांचं बाळ. शिवाय मूल स्वतःच बदलत असतं. पद्धत पुढच्या बारा महिन्यांतली शक्यता विचारते, आणि बाळाच्या आयुष्यात बारा महिने म्हणजे केवढा पल्ला! करारावर सही होते तेव्हा जे कुशीवर वळायलाही शिकलेलं नसतं, ते वर्ष संपायच्या आत कोचाच्या हातावर चढून उभं राहतं. मोठ्या माणसाच्या मानानं लहान मुलाचं डोकं जड असतं. कडेवरून वाकून पाहताना तोल कुठल्या बाजूला जाणार हे त्यातच ठरलेलं असतं. तेव्हा ‘सध्या धोका नाही’ हे वाक्य अशा घराबद्दल फार थोडे दिवस खरं राहतं. आणि मुलं असलेली कुटुंबं घर पारखून, खिडक्या मोजून निवडतात, हाही एक गोड गैरसमज. २०२४ मध्ये इंग्लंडमधली दीड लाखाहून जास्त मुलं तात्पुरत्या निवाऱ्यात राहत होती. त्या कुटुंबांना किल्ली हातात मिळते, निवड मिळत नाही. आणि मिळणारी जागा बऱ्याचदा अशाच एखाद्या घराच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असते.

वाटणी केल्यानं घराचं नेमकं काय होतं, हे समजून घेतल्याशिवाय या धोक्याचं मूळ सापडत नाही. व्हिक्टोरियन काळातलं लंडनचं चार-पाच मजली घर एका कुटुंबासाठी आणि त्याच्या नोकरचाकरांसाठी बांधलेलं होतं. तळघरात स्वयंपाकघर, पहिल्या मजल्यावर पाहुण्यांसाठी दिवाणखाना, त्याच्या वर झोपायच्या खोल्या, आणखी वर मुलांची खोली, छपराखाली मोलकरणी. दिवाणखान्याच्या खिडक्या उंच, जवळजवळ जमिनीपासून सुरू होणाऱ्या, कारण तिथं दिमाख हवा होता. बाहेर बिडाचा नक्षीचा अरुंद कठडा, कुंड्या ठेवण्यापुरता. मुलांच्या खोलीच्या खिडक्यांना मात्र अनेक घरांत गज असत. म्हणजे पडण्याच्या धोक्याचं भान त्या लोकांना नव्हतं असं अजिबात नाही. मूल कुठल्या खोलीत असेल हे ठरलेलं होतं, ते दिवाणखान्यात एकटं सोडलं जाणार नव्हतं, आणि बंदोबस्त त्या हिशेबानं एकाच जागी केलेला होता. विसाव्या शतकात या घरांचे मजल्यागणिक फ्लॅट झाले आणि तो हिशेब मोडला. आता दिवाणखाना म्हणजेच एका कुटुंबाचं अख्खं घर: तिथंच झोपणं, तिथंच जेवणं, तिथंच मुलाचं खेळणं. मोलकरणींची छपराखालची खोली म्हणजे दुसऱ्या कुटुंबाचं घर, आणि तिच्या खिडकीबाहेर पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ व तिच्या पुढं गुडघाभर उंचीची भिंत. मागच्या बाजूला पुढं काढलेल्या बांधकामाचं सपाट छप्पर कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन टेकतं आणि उन्हाळ्यात त्याची गच्ची होते. तिला कठडा नसतो, कारण ती गच्ची म्हणून कधी बांधलेलीच नव्हती. गज मात्र पूर्वीच्या मुलांच्या खोलीलाच राहिले, नाहीतर कुरूप दिसतात म्हणून कापून टाकले गेले.

यात भर घालते ती सुधारणा. खालच्या शेजाऱ्याला पावलांचा आवाज जाऊ नये म्हणून लाकडी तक्तपोशीवर आवाज शोषणारा थर घालून नवी जमीन केली जाते; नळ आणि सांडपाण्याचे पाइप एका खोलीतून दुसरीकडे न्यायचे म्हणून न्हाणीघराची पातळी पायरीभर उचलली जाते. काम चांगल्या हेतूनं होतं, पण जमीन वर आली की खिडकीची खालची कड आपोआप खाली जाते, आणि मुळातच बुटका असलेला लँडिंगचा कठडा आणखी बुटका होतो. हे नकाशात दिसत नाही, टेप लावल्यावर दिसतं. आज नव्यानं बांधताना इंग्लंडच्या इमारत नियमांची मार्गदर्शिका सांगते की वरच्या मजल्यावर उघडणाऱ्या खिडकीची खालची कड जमिनीपासून ८०० मिलिमीटरपेक्षा खाली असेल तर तिथं अडसर हवा; घरातल्या जिन्यांना आणि लँडिंगला ९०० मिलिमीटरचा, गॅलरीला ११०० मिलिमीटरचा कठडा हवा; फटीतून १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा आरपार जाता कामा नये, आणि लहान मुलाला चढायला सोपं असं काही कठड्यात नसावं. शेवटची अट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आडव्या पट्ट्यांचा देखणा कठडा ११०० मिलिमीटर उंच असला, तरी दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनं ती शिडी असते. हे नियम जुन्या घरांना मागून लागू होत नाहीत, आणि घरमालकांचा पहिला बचाव तोच असतो: बांधलं तेव्हा कायदेशीर होतं. बरोबर आहे. पण जोखण्याची पद्धत घर कायदेशीर आहे का असं विचारतच नाही. इथं इजा होण्याची शक्यता किती आणि झाली तर कितपत गंभीर, एवढंच ती विचारते. गोळ्याचा आणि टेपचा आकडा तिच्यासाठी निकाल नाही, पुरावा आहे.

या घरांचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे त्यांची वरखाली सरकणारी सॅश खिडकी. तिला दोन तावदानं असतात, वरचं आणि खालचं, आणि मूळ रचनेत दोन्ही सरकतात. वरचं खाली ओढलं की खोलीतली तापलेली हवा वरून निघून जाते आणि खालची कड बंदच राहते. मुलाला तिथून पडायला जागाच नसते. पण थरावर थर रंग चढत गेले, दोऱ्या तुटल्या, वरचं तावदान चौकटीला कायमचं चिकटलं. आता उघडतं ते फक्त खालचं, आणि ते उघडतं नेमकं मुलाच्या छातीच्या उंचीवर. कित्येक घरांत ही खिडकी काढून प्लॅस्टिकच्या चौकटीची, बाहेर उघडणारी झडप बसवलेली असते. ऊब वाचवण्याच्या दृष्टीनं ती चांगली, पण आतला अटकाव मोडलेला किंवा मुळात बसवलेलाच नसतो. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबी इथं ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं. अशा दिवशी छपराखालच्या फ्लॅटमध्ये खिडकी बंद ठेवा असं सांगणं म्हणजे दुसऱ्या धोक्याच्या तोंडी देणं. अतिउष्णता हासुद्धा त्या २९ धोक्यांपैकीच एक आहे. म्हणून खिडकी १०० मिलिमीटरच्या पुढं उघडू न देणारा अटकाव बसवा, एवढं लिहून मोकळं होणारा अहवाल मला अर्धवट वाटतो. आधी वरचं तावदान सोडवा, मग खालच्याला अटकाव लावा, असं लिहिलं तर हवाही मिळते आणि मूलही आत राहतं. त्यासाठी सुतार लागतो आणि तो अटकावाच्या छोट्या पितळी तुकड्याहून महाग पडतो, म्हणून ही शिफारस कमी वेळा होते, असा माझा कयास आहे.

आता आकड्यांकडे. टीकाकार म्हणतात, हा सगळा अंदाजांचा खेळ आहे. तपासनीस पुढच्या बारा महिन्यांत घटना घडण्याची शक्यता ठरवतो. मग घडलीच तर इजा चार वर्गांपैकी कुठल्या वर्गात किती टक्के वेळा पडेल ते ठरवतो. सर्वांत गंभीर वर्गाला १०,००० गुण, दुसऱ्याला १,०००, तिसऱ्याला ३००, चौथ्याला १०. गुणाकार, बेरीज, आणि एकूण १,००० किंवा त्याहून जास्त आले की धोका पहिल्या श्रेणीचा: काउन्सिलवर कारवाईचं बंधन. त्याखाली दुसरी श्रेणी: कारवाईची मुभा, सक्ती नाही. समजा दुसऱ्या मजल्यावरची बुटकी खिडकी आहे, खाली फरसबंदी आहे. इजेची वाटणी अनुक्रमे ४.६, २१.५, ३१.६ आणि ४२.३ टक्के धरली आणि शक्यता शंभरात एक धरली, तर बेरीज साधारण ७७४ येते. तीच शक्यता छप्पन्नात एक धरली तर १,३८२. म्हणजे शंभर की छप्पन्न, एवढ्या एका निवडीवर कायद्याचं बंधन लागतं किंवा सुटतं. आक्षेपात तथ्य आहे हे मान्य करायलाच हवं. दोन प्रामाणिक तपासनिसांचे आकडे वेगळे येऊ शकतात आणि येतात. पण यातून निघणारा निष्कर्ष टीकाकार काढतात त्याच्या उलटा आहे. निवड हवेत केलेली नसते. पद्धतीत त्या प्रकारच्या आणि त्या काळातल्या घरांसाठी राष्ट्रीय सरासरी दिलेली असते, आणि तिच्यापासून वर किंवा खाली सरकायचं तर कारण लिहावं लागतं: खालची कड किती उंचावर, अटकाव आहे का, खिडकीशी उभं राहायला काही बांधीव आधार आहे का, खाली गवत आहे की तळघराच्या चौकाचं टोकदार लोखंडी कुंपण. घरमालकाला न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते आणि तिथं आकड्यापेक्षा ही कारणंच तपासली जातात. कारणं लिहिली नसतील तर आकडा खरोखरच कुचकामी. पण नुसत्या ‘सुरक्षित आहे’, ‘धोकादायक आहे’ अशा शेऱ्याला मात्र आव्हान द्यायलाही काही हाती लागत नाही. आणि जिथं शंभर आणि छप्पन्न यांत खरोखर निवड करता येत नाही, तिथं मुलाच्या बाजूनं झुकावं की घरमालकाच्या, हा प्रश्न गणिताचा उरत नाही. मी कुठे झुकते ते सांगायला नको.

सर्वांत जुना आक्षेप मात्र आकड्यांचा नाही. तो असा: मूल पडतं ते आईचं लक्ष नसतं म्हणून, खिडकीला दोष कशाला? हे इंग्लंडमध्ये ऐकू येतं तसं मुंबई-पुण्यातही ऐकू येतं, आणि बहुतेकदा आईच्या तोंडूनही येतं. यावर न्यूयॉर्कचा अनुभव तपासून पाहण्यासारखा आहे. तिथल्या आरोग्य खात्यानं १९७२ च्या सुमारास उंच इमारतींतून मुलं पडण्याच्या घटनांविरुद्ध मोहीम सुरू केली. घटनांची नोंद, घरोघर समजावणी, प्रचार, आणि जास्त धोक्याच्या वस्त्यांतल्या लहान मुलांच्या कुटुंबांना फुकट गज. ब्राँक्स भागात १९७३ ते १९७५ या काळात नोंदलेल्या घटना निम्म्यावर आल्या. यात उपदेशाचा वाटा किती आणि गजांचा किती हे वेगळं काढता येत नाही, हे खरं. पण शहरानं त्यातून जो कायदा केला तो पाहा: १९७६ पासून दहा वर्षांपर्यंतचं मूल राहत असलेल्या घरात खिडक्यांना गज लावण्याची जबाबदारी घरमालकावर आली. आयांवर लक्ष ठेवण्याचा कायदा झाला नाही. लक्ष ही गोष्ट कामाची आहेच, पण ती दर क्षणी नव्यानं द्यावी लागते. फोन वाजला, दूध उतू गेलं, धाकटं रडलं की ती तुटते. गज एकदा लावले की पुढं कुणाला काही द्यावं लागत नाही. आणि एका खोलीच्या फ्लॅटमध्ये, जिथं पलंग ठेवायला खिडकीखालचीच भिंत उरते, तिथं पलंग खिडकीशी लावला म्हणून आईला दोष देणं म्हणजे खोली आखणाऱ्याला सोडून खोलीत राहणाऱ्याला धरणं. म्हणून तपासणीत सामान कुठे ठेवलंय यापेक्षा सामान आणखी कुठे ठेवता आलं असतं, हे पाहायला हवं. उत्तर ‘कुठेच नाही’ असं असेल तर पलंग हाही घराचाच भाग धरायला हवा.

मराठी वाचकाला या टप्प्यावर मुंबईतली लोखंडी ग्रिलं आठवतील, आणि आठवावीत. चाळीतल्या सामायिक गॅलरीचा लाकडी कठडा, नंतर त्याला मारलेली जाळी, मग फ्लॅटमधली बंद केलेली गॅलरी आणि खिडकीबाहेर काढलेला लोखंडी पिंजरा: मध्यमवर्गानं मुलांच्या पडण्याची काळजी कुठल्याही मूल्यमापनाशिवाय स्वतःच्या खर्चानं मिटवली, चोरांचीही त्याच दमात. पण बिनकुलपी निसटवाट नसलेला पिंजरा आगीच्या वेळी घरातल्यांनाच कोंडतो. हा आक्षेप इंग्लंडमध्ये सर्वांत जोरात घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. जुन्या वाटून केलेल्या घरांत जिना बहुधा एकच, तोही लाकडी. खालच्या मजल्यांवर खिडकी ही सुटकेची दुसरी वाट ठरू शकते. म्हणूनच तिथल्या मार्गदर्शनात मूल उघडू शकणार नाही पण मोठं माणूस सहज उघडू शकेल, असा अटकाव सुचवला जातो. न्यूयॉर्कच्या नियमांतही सुटकेच्या लोखंडी जिन्याकडे जाणाऱ्या खिडक्या गजांतून वगळल्या आहेत. दोन धोक्यांपैकी एक निवडा, असा हा पेच नाही. तो तसा मांडणारे लोक बहुधा दोन्हीकडे खर्च टाळण्याच्या बेतात असतात, असं म्हटलं तर फार कडवट होईल. पण पूर्ण खोटंही होणार नाही.

इमारत संरक्षित यादीत असेल तर परवानगी लागते आणि वेळ लागतो, हे मान्य. पण रंगानं चिकटलेलं तावदान सोडवणं म्हणजे मूळ रचनाच परत आणणं. आतून बसवलेले, पुढंमागं काढता येतील असे बारीक गज बाहेरून दिसतही नाहीत. लँडिंगचा जुना नक्षीचा कठडा कापायची गरज नसते, त्याच्या आतल्या बाजूनं योग्य उंचीची दुसरी चौकट उभी करता येते. सौंदर्याचा मुद्दा मला खोटा वाटत नाही, फक्त त्याचं वजन बऱ्याचदा वाढवून सांगितलेलं असतं.

उरतो तो आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करणारा: इतकं ताणलंत तर घरमालक मुलं असलेल्या कुटुंबांना दारातूनच परत पाठवतील. तसं होत आलं आहे. इंग्लंडमध्ये २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्यानं मुलं आहेत म्हणून घर नाकारण्यावर बंदी घातली, पण नकाराची शंभर कारणं तोंडाशी तयार असतात. मात्र नीट पाहिलं तर हा आक्षेप घरात नसलेलं मूल धरण्याच्या नियमाच्या बाजूनंच जातो. धोका मोजायचा तो मूल आल्यावर, असं ठरलं असतं, तर घरमालकाला खर्च टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे मूल येऊच न देणं. घराचा आकडा रहिवाशावर अवलंबून नाही म्हटल्यावर मुलाला नाकारून त्याच्या पदरात काही पडत नाही. खिडकी तीच राहते, गुण तेच राहतात.

तरीही कायद्यानं एक फट ठेवली आहे. मूल्यमापन रहिवाशाकडे न पाहता होतं, पण पुढं काय कारवाई करायची हे ठरवताना तिथं कोण राहतं याचा विचार करता येतो, आणि सुधारणेची नोटीस स्थगित ठेवता येते: उदाहरणार्थ, लहान मूल तिथं राहायला येईपर्यंत. कागदावर ही तडजोड समंजस दिसते. पन्नाशीच्या एकट्या भाडेकरूच्या खिडकीला आज गज लावायला लावणं जुलमाचं वाटतं, उद्या लागले तर लावू. पण उद्या आला हे काउन्सिलला सांगणार कोण? भाडेकरूला अशी नोटीस आहे हे ठाऊक असेलच असं नाही. घरमालकाला सांगण्यात रस नाही. आणि काउन्सिलच्या फाइलीला बाळ जन्मल्याचं कळत नाही. सपाट छपराच्या दाराला कुलूप लावणं, कठड्याची मोडलेली दांडी बसवणं, तावदान सोडवणं ही कामं स्थगितीत टाकण्याइतकी मोठी नसतात. बांधकाम उघडावं लागणारी मोठी कामं असतील तर स्थगितीचा विचार जरूर करावा, पण मग तपासणीची तारीखही नोटिशीतच घालावी आणि त्या तारखेला कुणीतरी दार वाजवावं. अशी तारीख नसलेली स्थगित नोटीस पाहिली की माझा सल्ला एकच असतो: ती मागे घ्या आणि आजच लागू होणारी दुसरी काढा, त्यासाठी न्यायाधिकरणासमोर उभं राहावं लागलं तरी.